३०० चौरस फूट, पाच माणसं आणि साठवणीचं वेळापत्रक

मुंबईच्या पूर्व उपनगरात, झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतल्या एका उंच इमारतीत अकराव्या मजल्यावर हे घर आहे. चटई क्षेत्र ३०० चौरस फूट, म्हणजे २७.८८ चौरस मीटर. बाहेरची खोली १२ बाय १०, आतली १० बाय ८, स्वयंपाकघर ८ बाय ६. उरलेल्या जागेत न्हाणीघर, संडास आणि त्यांच्यासमोरचा अरुंद पॅसेज. राहणारी माणसं पाच. सत्तरी ओलांडलेल्या आजी, त्यांचा मुलगा, सून, बारावीतली नात आणि आठवीतला नातू. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत, पण अडचणी आणि त्यांवर काढलेले मार्ग जसेच्या तसे आहेत.

मी छोट्या घरांच्या आतल्या रचनेची कामं करते. मला बोलावलं ते सूनबाईंनी, आणि त्यांची मागणी एका वाक्याची होती: "ताई, आतल्या खोलीत भिंतभर कपाट करून द्या, म्हणजे सगळं एकदाचं आत जाईल." खर्चाची मर्यादा ८० हजार. बहुतेक घरांतून पहिल्या भेटीत हीच मागणी येते. या घरात ती तशीच पुरी केली असती, तर पैसे संपले असते आणि रोजची चिडचिड जिथल्या तिथे राहिली असती. या घराची खरी अडचण वस्तू मावत नाहीत ही नव्हती. वस्तू मावत होत्या, पण हव्या त्या वेळी त्यांच्यापर्यंत हात पोचत नव्हता.

मोठ्या घरात आल्यावर जागा कमी कशी पडली

हे कुटुंब आधी शेजारच्याच वस्तीत राहायचं. खाली १० बाय १४ ची खोली, वर लोखंडी शिडीनं चढायचा तेवढाच पोटमाळा. म्हणजे दोन्ही मिळून २८० चौरस फूट. शिवाय दारासमोरची गल्ली. गल्लीत पाण्याचं पिंप, सायकल, चपला, वाळत घातलेले कपडे. दुपारी आजींची बसण्याची जागाही तीच. पुनर्वसनात पात्र कुटुंबाला ठरलेल्या मापाचं घर मिळतं. झोपडी केवढी होती, वर माळा होता का, गल्लीत काय काय मावत होतं, याचा हिशेब होत नाही. हे माप आधी २२५ चौरस फूट होतं, मग २६९ झालं आणि आता ३०० आहे. ही वाढ मोलाचीच आहे. संडास-न्हाणी घरात असणं ही गोष्ट या घरातल्या तिन्ही बायका कशाच्याही बदल्यात सोडणार नाहीत, आणि का सोडावी?

पण न्हाणी, संडास आणि पॅसेज वजा केले की राहण्याजोगे उरतात २४८ चौरस फूट. कागदावर घर वाढलं, साठवणीची जागा मात्र घटली. वरचा अख्खा माळा गेला, गल्ली गेली. सामान तेवढंच राहिलं.

नव्या इमारतीत गल्लीची जागा घेतली दाराबाहेरच्या कॉरिडॉरनं. सगळ्यांच्याच पिंपांनी, सायकलींनी आणि चपलांच्या मांडण्यांनी तो भरला, आणि सोसायटीनं सामान आत घ्यायला सांगितलं. या बाबतीत मी सोसायटीच्या बाजूची आहे. आग लागली तर अकराव्या मजल्यावरून उतरायला तोच कॉरिडॉर आणि तोच जिना. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ आला आहे तो अशाच इमारतींमधल्या माणसांसाठी. धुरात वाट शोधणाऱ्या माणसाच्या पायात पिंप यायला नको. पण तो नियम पाळायचा तर पिंप कुठे ठेवायचं, याचं उत्तर घराच्या आराखड्यात असायला हवं होतं, आणि ते नाही. आराखड्यात पलंग काढलेला असतो, टीव्ही काढलेला असतो. पाच माणसांच्या गाद्या दिवसा कुठे जातील, हे कुणी काढत नाही.

यादीच्या आधी घड्याळ

सामानाची यादी करायला सूनबाईंनी वही काढून ठेवली होती. मी त्यांना आधी घरातल्या माणसांचा चोवीस तासांचा दिवस लिहायला सांगितला. त्या एका पानावर सगळं उघडं पडलं.

मुलगा एका गोदामात पाळीनं काम करतो. रात्रपाळी असली की सकाळी आठला घरी येतो आणि आतल्या खोलीत दुपारी तीनपर्यंत झोपतो. साडेसहा फुटी लोखंडी कपाट त्याच खोलीत, आणि घरातल्या सगळ्यांचे कपडे त्या एका कपाटात. नातीचं कॉलेज दुपारचं. ती बाराच्या सुमारास कपडे आणि वह्या घ्यायला आत जाणार, कपाटाचं दार करकरणार, बाप जागा होणार. महिन्यातले निम्मे दिवस घरात या एका कारणावरून आवाज चढायचा. आजी रात्री नऊला बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर झोपतात. इतरांच्या गाद्या त्याच दिवाणाच्या पोटात. त्यामुळे आजींनी आडवं होण्याआधी गाद्या काढाव्या लागत आणि मुलं अभ्यास करत असताना त्या जमिनीवर पसरलेल्या असत. सूनबाई अकरा ते पाच शिवणकाम करतात, ब्लाउज आणि फॉल-बीडिंग. त्यांचं मशिन खिडकीशी, कापडं मात्र आतल्या खोलीत झोपलेल्या नवऱ्याच्या उशाशी.

म्हणजे वस्तू जागच्या जागी होत्या, पण ज्या तासाला हव्यात त्या तासाला त्या जागेवर कुणीतरी झोपलेलं असायचं. आतल्या खोलीत भिंतभर कपाट केलं असतं, तर आणखी वस्तू त्या झोपलेल्या माणसापलीकडे गेल्या असत्या.

यानंतर यादी केली, पण ती खोलीवार केली नाही. प्रत्येक वस्तूपुढे दोनच गोष्टी लिहिल्या: ती किती दिवसांनी लागते आणि दिवसाच्या कोणत्या वेळी लागते. गाद्या रोज, रात्री दहाला आणि पहाटे. कपडे रोज, पण चौघांचे चार वेगळ्या वेळी. मोठा टोप आणि परात पाहुणे आले की. स्वेटर गावी, साताऱ्यातल्या माण तालुक्यात, थंडीत जाताना. ज्वारीचं पोतं वर्षातून दोनदा गावाहून येतं आणि पीठ संपेल तसं उघडतं. कंदील, रांगोळीचे रंग, फराळाचे झारे वर्षातून एकदा.

अशी यादी घरच्यांनी स्वतः हातानं लिहावी, असा माझा आग्रह असतो. मी लिहिली तर ती माझी यादी होते, आणि मग कुठलीही वस्तू काढताना घरातल्यांना वाटतं की बाहेरची बाई आपलं घर रिकामं करते आहे.

काय कुठे गेलं

पहिला निर्णय सर्वांत स्वस्त होता. लोखंडी कपाट आतून उचलून बाहेरच्या खोलीत आणलं. त्यासाठी टीव्हीचं पाच फुटी शोकेस काढलं. त्यात टीव्हीशिवाय बक्षिसाचे पेले, न वापरलेले कपबशीचे संच आणि जुने चार्जर होते. टीव्ही भिंतीवर गेला. या एका हालचालीनं दिवसाच्या वस्तू दिवसाच्या खोलीत आल्या. कपाटाच्या बिजागऱ्यांना तेल दिलं. ते इतके दिवस का दिलं नव्हतं, हा प्रश्न मी विचारला नाही. घरात सगळेच कामाला जुंपलेले असतात तेव्हा अशा गोष्टी राहून जातात.

कपाटाच्या माथ्यापासून छतापर्यंत अडीच फूट उरतात. तिथे पूर्वी सुटकेसेसचा ढीग होता. तिथे दोन दारांची पेटी बसवली आणि त्या सुटकेसेस एकीत एक घालून ठेवल्या. सर्वांत मोठीत गावच्या थंडीचे कपडे.

गाद्यांचा प्रश्न सगळ्यात किचकट होता, म्हणून त्यावर सर्वांत जास्त वेळ दिला. सहा फुटी, तीन इंच जाडीच्या कापसाच्या गादीची वळकटी केली की साडेसोळा इंच व्यासाचा गठ्ठा होतो. अशा तीन वळकट्या, वर गोधड्या, उशा, चादरी. घनफळाच्या हिशेबानं घरातली सर्वांत मोठी वस्तू फर्निचर नसून अंथरुणं असतात, आणि ती रोज दोनदा हलतात. जी वस्तू रोज हलते ती झाकणाखाली, दारामागे, कुणाच्या अंथरुणाखाली ठेवायची नाही, हा नियम मी या कामात कधी मोडत नाही. तीन गाद्यांऐवजी तीन घड्यांच्या फोमच्या गाद्या घेतल्या. घडी घातल्यावर प्रत्येक दोन फूट बाय तीन फूट, बारा इंच जाड. आतल्या खोलीत कपाट हललं त्या कोपऱ्यात त्यांच्यासाठी उघडा खण केला. दार नाही, पडदा आहे. तीन गाद्यांची थप्पी तीन फूट उंच होते, तिच्या वरच्या फळीवर चादरी आणि उशा. आता आजी झोपल्यानंतरही गाद्या निघतात. आजींनी स्वतःची कापसाची गादी बदलायला साफ नकार दिला आणि ती तशीच राहिली. सत्तरीतल्या पाठीला जी सवय आहे ती जागेच्या हिशेबासाठी मोडू नये.

दिवाण नवीन केला. जुन्याचा तळ जमिनीला टेकलेला होता, त्यामुळे खाली ओल धरायची आणि झाडू जायचा नाही. नवा चार इंची पायांवर उभा आहे, तळाला आणि बाजूंना भोकं ठेवली आहेत. पोटात महिन्यातून एकदा लागतील अशाच वस्तू: मोठी भांडी, शिवणकामाचे थानांचे तुकडे, पाहुण्यांसाठीची पांघरुणं. गॅसच्या दांड्यांवर वर उचललं जाणारं झाकण सुतारानं सुचवलं होतं. ते मी टाळलं. त्यातली दांडी काही वर्षांनी दमते, आणि तेव्हा जड झाकण एका हातानं धरून दुसऱ्या हातानं परात काढायची वेळ घरातल्या बाईवर येते. आम्ही झाकणाचे तीन वेगळे भाग केले. हवा तेवढाच भाग उचलायचा.

वरच्या फळीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण इथे घाईत पैसे वाया जातात. चाळीतल्या खोल्यांमध्ये दाराच्या वर भिंतीभोवती फिरणारी फळी असायची. ती पद्धत उत्तम होती. इथे छताची उंची नऊ फूट, दाराची चौकट सात फुटांवर. म्हणजे वर दोन फूट सगळीकडे मोकळे. सूनबाईंना दोन फूट खोल माळा हवा होता. पण खोली दहा फूट रुंद, पंखा मधोमध, त्याचं पातं मध्यापासून दोन फूट फिरतं. भिंतीपर्यंत तीन फूट उरतात. दोन फूट खोल माळा केला तर पात्यात आणि सामानात एक फूटच राहतो, वारा अडतो आणि स्टुलावर चढलेल्या माणसाचा हात पंख्याजवळ जातो. म्हणून फळी चौदा इंच खोल ठेवली, तीही फक्त दोन भिंतींना. दुसरं कारण हाताचं. वरच्या माळ्यात हाताच्या पोचेपलीकडे ठेवलेली वस्तू घरात आहे हेच पुढे कुणाला आठवत नाही. पॅसेजवर बिल्डरनं दिलेला तीन फूट खोल सिमेंटचा माळा होताच. त्याच्या मागच्या फुटात दिवाळीचं साहित्य आणि न लागणारी कागदपत्रं गेली, पुढे पाहुण्यांचा टोप. दाराच्या आतल्या बाजूला नातीनं सुवाच्य अक्षरात यादी चिकटवली. जड काहीही वर नाही, आणि पंखा बंद केल्याशिवाय स्टुलावर चढायचं नाही, हे मुलाला दोनदा बजावलं.

फळ्या ठोकण्याआधी भिंत ओळखावी लागते. अशा नव्या इमारतींत बऱ्याच भिंती अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यांत ओतलेल्या काँक्रीटच्या असतात. तिथे साधं ड्रिल चालत नाही, हॅमर ड्रिल लागतं, पण अँकर, म्हणजे भोकात फुलून घट्ट बसणारा बोल्ट, एकदा बसला की भार पेलतो. हलक्या ब्लॉकच्या भिंतीत ड्रिल लोण्यासारखं जातं आणि तिथेच फसगत होते. काही महिन्यांनी भारानं स्क्रू भोकासकट बाहेर येतो. ओळखायचं भुकटीवरून: काँक्रीटची करडी आणि खरखरीत, ब्लॉकची पांढुरकी, पिठासारखी. या घरात आतल्या खोलीची एक भिंत ब्लॉकची निघाली, म्हणून तिथला गाद्यांचा खण भिंतीला टांगला नाही, जमिनीवर उभा केला. स्विचबोर्डच्या सरळ वर-खाली भोक पाडायचं नाही, आत वायरींची नळी असते.

स्वयंपाकघरात स्टीलच्या ट्रॉल्या घ्यायच्या नाहीत असं मीच ठरवलं. चॅनेलमध्ये आणि जाळीत दोन्ही बाजूंनी रुंदी जाते, आणि दमट हवेत स्वस्त ट्रॉली गंजते. ओट्याखाली कडप्प्याच्या उभ्या-आडव्या फळ्या घातल्या आणि त्यात ओढून बाहेर काढता येतील अशा साध्या प्लॅस्टिकच्या टोपल्या. डब्यांसाठी दारामागच्या भिंतीवर सात इंच खोल फळ्या. फळीची खोली इथे महत्त्वाची आहे. घरातल्या बहुतेक डब्यांचा व्यास सहा ते सात इंच. फळी बारा इंच केली की डब्यामागे डबा जातो, मागची डाळ विसरली जाते, दुसरी आणली जाते आणि पहिलीत पोरकिडे होतात. एकसारख्या पारदर्शक डब्यांचा संच घ्यायचा सूनबाईंचा विचार होता. घरात धुतलेले स्टीलचे डबे आहेत, त्यांच्यावर चिठ्ठी लावली की काम होतं, तो खर्च करू नका, असं मी स्पष्ट सांगितलं.

सिलिंडर ओट्याखाली बंद दारामागे होता. तिथे जाळीचं दार लावलं, खालून हवा खेळेल असं. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर तो तळाशी साचतो. घरात पाइपचा गॅस येईल तेव्हा ती जागाही मोकळी होईल.

दोनशे लिटरचं पिंप हा घरातला सर्वांत नाजूक विषय ठरला. वस्तीत पहाटे दोन तास पाणी यायचं. त्या काळाची भीती मनातून जात नाही आणि तिला हसण्यासारखं काही नाही. पिंपाला जवळपास चार चौरस फूट जागा लागते. त्याऐवजी न्हाणीघरात भिंतीलगत वीस-वीस लिटरचे चार झाकणाचे डबे एका ओळीत मांडले आणि त्यांच्यावर बादल्यांची फळी टाकली. आजी म्हणाल्या, "पानी घरात असलं म्हंजी जीव हलका ऱ्हातो." पाणी घरात राहिलं, पिंप गेलं.

ज्वारीचं तीस किलोचं पोतं जवळपास चाळीस लिटर जागा घेतं. ते पसरट पोत्याऐवजी दोन उंच पत्र्याच्या डब्यांत भरलं, कडुनिंबाचा वाळवलेला पाला घालून, आणि गावच्या भावाला निरोप दिला की पुढच्या वेळी निम्मंच पाठव, उरलेलं दिवाळीनंतर.

शिवणकामाचं मशिन खिडकीशीच राहिलं, उजेड तिथेच आहे. त्याला डावीकडे बिजागरीची अठरा इंची फळी जोडली. काम संपलं की खाली पडते. गिऱ्हाइकांचे ब्लाउजपीस पूर्वी एका मोठ्या पिशवीत असायचे. आता भिंतीवर सात खुंट्या आहेत, आठवड्याच्या सात वारांच्या. ज्या वारी कपडा द्यायचा त्या खुंटीला त्याची पिशवी. कापड शोधण्यात जाणारा वेळ वाचला आणि त्या वेळेचे पैसे होतात, हे सूनबाईंनी मला नंतर आवर्जून सांगितलं.

प्रत्येकाचा एक खण

वस्तूंच्या यादीत एक गोष्ट आली नव्हती. ती मला नातीच्या बोलण्यातून कळली. तिची रोजनिशी ती दप्तरात घेऊन फिरते, कारण घरात कुलूप लागेल अशी तिची एकही जागा नाही. पाच माणसांच्या घरात हा फुटकळ मुद्दा वाटतो. मला तो वाटत नाही. पुस्तकांच्या आठ इंची मांडणीत तिच्यासाठी एक कुलपाचा खण केला. नातवाला तेवढाच खण, त्यात क्रिकेटचे ग्लोव्ह्ज आणि काय काय. सूनबाईंना विचारलं, तुमचा कुठला? त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, सगळं घर माझंच आहे की. मी कपाटातला मधला कप्पा त्यांच्या नावानं ठेवायला लावला.

आजींची लोखंडी पेटी सगळ्यांना भंगारात द्यायची होती. लग्नात मिळालेली, अडीच फूट लांब, दीड फूट रुंद. आजी एकच वाक्य बोलल्या: "तिला हात लावायचा न्हाय." पेटी घासून रंगवली, वर गादीचा तुकडा टाकला, आणि ती दारापाशी चपला घालताना बसायची बैठक झाली. आतलं काहीही हललं नाही, किल्ली आजींच्या कनवटीला आहे. जी वस्तू काढल्यानं माणूस घरात उपरा होतो, ती जागेच्या नावाखाली काढू नये, असं माझं ठाम मत आहे.

पावसाळा

अशा कामाची परीक्षा जूननंतर होते, म्हणून मी हे प्रकरण एक पावसाळा उलटेपर्यंत लिहिलं नाही. बाहेरच्या भिंतीवरच्या फळ्यांना मागची फळी लावली नव्हती आणि त्या भिंतीपासून इंचभर सुट्या ठेवल्या होत्या. ऑगस्टमध्ये त्या भिंतीवर ओल आली, कपड्यांपर्यंत गेली नाही. दिवाणाच्या पोटातली पांघरुणं प्लॅस्टिकच्या पिशव्यांऐवजी जुन्या सुती साड्यांच्या गाठोड्यांत होती, त्यांना बुरशी धरली नाही. ओट्याजवळ आणि दिवाणाच्या तळाला आयएस ७१० चं, म्हणजे पाण्याला टिकणारं मरीन प्लायवूड वापरलं होतं, इतरत्र आयएस ३०३ चं, नेहमीच्या वापराचं. भुशाचं दाबीव बोर्ड कुठेही घेतलं नाही. ते पाण्यानं फुगतं आणि एकदा फुगलं की स्क्रू धरत नाही. कपडे वाळवायला छताला दोरीनं वर-खाली होणाऱ्या दांड्या लावल्या, पंख्याच्या वाऱ्याच्या वाटेत.

खर्च ८० हजारांत बसला. सर्वांत मोठा वाटा दिवाण आणि गाद्यांचा, त्याखालोखाल वरच्या फळ्यांचा. सर्वांत जास्त फरक पडला तो कपाट हलवल्यानं, आणि त्याला दोन हमालांची मजुरी एवढाच खर्च आला.

दोन गोष्टी अजून बाकी आहेत. नातीची बारावी संपली की पुस्तकांची निम्मी मांडणी रिकामी होईल. ती शिवणकामाला द्यायची की पुढच्या शिक्षणासाठी राखायची, हे घरात ठरायचं आहे, आणि ते निकालावर अवलंबून आहे. दुसरी नातवाची सायकल. कॉरिडॉरमधून ती आत आली, पण तिच्यासाठी जागा निघाली नाही. इमारतीच्या खाली वाहनतळाच्या भिंतीला सायकली उभ्या टांगायचे हूक लावावेत, असा अर्ज मी आराखड्यासकट सोसायटीसाठी तयार करून दिला. एका हुकाला दीड फूट रुंदी पुरते, आणि सायकली असलेली घरं त्या इमारतीत बरीच आहेत. अर्ज सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर आला आहे. तोवर सायकल मुख्य दारामागे उभी असते आणि दार पाऊणच उघडतं.